कफर्णहूमच्या वाटेवरची रात्र

मार्काच्या शुभवर्तमानात येशू एका जागी खोल उसासा टाकतो. चार हजार माणसे सात भाकरींवर जेवून उठली आहेत. उरलेल्या तुकड्यांच्या सात पाट्या भरल्या आहेत. होडी पलीकडच्या काठाला लागते न लागते तोच परूशी समोर येऊन उभे राहतात आणि आकाशातून एखादे चिन्ह दाखव म्हणतात. तो वाद घालत नाही. उसासा टाकतो, नकार देतो आणि पुन्हा होडीत चढतो.

होडीत बसलेल्यांची गोष्ट याहून विचार करायला लावणारी आहे. त्या पाट्या त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या, भरल्याही होत्या. आणि आता तेच आपसांत कुजबुजत आहेत की जवळ एकच भाकर आहे, पुढे कसे व्हायचे. काठावरच्यांना चिन्ह हवे होते, होडीतल्यांना ते मिळून चुकले होते. घोर दोघांच्याही जिवाला होता.

चमत्काराची आठवण पुढच्या भुकेपर्यंतही पुरत नाही.

मत्तय सांगतो की अशा मागणीवर येशूने फक्त योनाचे चिन्ह देऊ केले. योना म्हटले की आपल्याला मासा आठवतो. निनवेकरांनी मासा पाहिला नव्हता. त्यांच्या वाट्याला आला तो एक नाखूश संदेष्टा आणि त्याची चाळीस दिवसांची एक धमकी. क्षमा मिळेल असे त्याने कबूलही केले नव्हते. कदाचित देवाचे मन वळेल, एवढ्याच आशेवर राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला. इतक्या थोड्या आधारावर एक अख्खे शहर फिरले.

माशाच्या पोटातल्या तीन दिवसांचा अर्थ येशूने आपल्या मरणाशी आणि पुनरुत्थानाशी जोडला. म्हणजे चिन्ह शेवटी दिले गेले, आणि असे दिले गेले की त्याहून मोठे मागता येऊ नये. पण कोणाला? पुनरुत्थानाच्या सकाळी तो पिलाताच्या वाड्यावर गेला नाही. कैफाच्या दारात उभा राहिला नाही. एका रडणाऱ्या बाईला बागेत भेटला, हिरमुसून गावी निघालेल्या दोघांना वाटेत भेटला, दारे लावून बसलेल्या भित्र्यांना घरात भेटला. ज्यांनी पुरावा मागितला होता ते त्या दिवशीही रिकामेच राहिले. ज्यांच्या हाती प्रेमाखेरीज काही उरले नव्हते त्यांना तो दिसला. आणि कबरेतून उठण्याचा प्रत्यक्ष क्षण तर कोणीच पाहिला नाही. साऱ्या ख्रिस्ती श्रद्धेचा पाया ज्या घटनेवर आहे तिला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाही. साक्षीदार आहेत ते रिकाम्या कबरेचे आणि नंतरच्या भेटींचे.

चिन्ह मागणाऱ्याला काय हवे असते? ज्ञान हवे असते तर सात पाट्या पुरल्या असत्या. त्याला सुटका हवी असते. निर्णयातून, जोखमीतून, उद्या सकाळी उठून पुन्हा विश्वास ठेवावा लागण्यातून सुटका. देवाकडून एकदाचे स्टँपपेपरवर लिहून घ्यावे आणि मग त्याच्याकडे जाण्याची गरज उरू नये.

करार पक्का झाला की भेटी थांबतात. म्हणून तो करार करत नाही, असे मला वाटते.

मस्सा येथे इस्राएल लोकांनी विचारले, देव आमच्यामध्ये आहे की नाही? तहान खरी होती आणि पाणी मागणे मुळीच चूक नव्हते. पण ज्या तोंडाने हा प्रश्न विचारला त्याच तोंडाने ते रोज मान्ना खात होते. मिळाले ते कालचे झाले, आणि मिळाले नाही तेच तेवढे पुराव्यात धरले. अविश्वासाची वही अशीच लिहिली जाते.

पुढे सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन उडी टाक म्हटले, तेव्हा येशूने उत्तर दिले ते या मस्साच्या आठवणीचे. उडी बाहेरून पाहणाऱ्याला विश्वासासारखीच दिसली असती. तिला स्तोत्राचा आधार होता, देवदूतांचा हवाला होता, खाली थक्क व्हायला माणसांनी भरलेले पटांगण होते. पण पिता आपल्याला झेलील हे ज्याला ठाऊक आहे, त्याला पित्याला झेलायला लावण्याची गरज काय? उडी विश्वासाची नसतेच. शिखरावरून पायऱ्या उतरून खाली येणे विश्वासाचे असते.

हीच मागणी शेवटी क्रूसाखाली आली. क्रूसावरून उतर, मग आम्ही विश्वास ठेवू. इतिहासात चिन्हाची मागणी इतक्या सरळ शब्दांत आणि इतक्या वाईट जागी दुसऱ्यांदा झाली नसेल. तो उतरला असता तर त्यांनी विश्वास ठेवलाही असता, एका बलवानावर. बलवानांची जगाला कधीच वाण नव्हती. रोमचे बळ तर तिथेच भाला घेऊन उभे होते. तो उतरला नाही. आपण ज्या नकाराने तरलो तो हाच नकार आहे, आणि माझ्या एखाद्या प्रार्थनेला नकार मिळतो तेव्हा मला आधी तोच आठवावा लागतो.

योहानाच्या चौथ्या अध्यायातल्या एका माणसाजवळ मी पुन्हा पुन्हा जाऊन बसतो. राजाच्या पदरी असलेला तो अंमलदार. नाव दिलेले नाही. मुलगा कफर्णहूमला तापाने मरणाला टेकलेला. येशू काना गावी आल्याचे ऐकून तो तिकडे धावला. काना डोंगराळ भागात, आणि कफर्णहूम गालील सरोवराच्या काठी. सरोवराचे पाणी समुद्रसपाटीच्याही २०० मीटरहून अधिक खाली. म्हणजे साधारण २५ ते ३० किलोमीटरची वाट, जाताना चढाची. अंमलदार माणूस, हाताखाली गुलाम असलेला. निरोप्या धाडू शकला असता. स्वतः गेला.

त्याची विनंती साधी होती. खाली चला, माझ्या मुलाला बरे करा. त्याला चिन्ह नको होते, मूल हवे होते. तरी येशू त्याला आधी ऐकवतो की चिन्हे आणि अद्भुते पाहिल्याशिवाय तुम्ही लोक विश्वास ठेवणारच नाही. हे बोलणे मला फार दिवस कठोर वाटे. मरणाच्या दारातल्या लेकराच्या बापाला असे बोलावे? पण बाप ते ऐकून परतत नाही, स्वतःची बाजूही मांडत नाही. पुन्हा तेच म्हणतो, माझे मूल मरण्याआधी चला. आणि मग त्याला मिळते ते मागितल्यापेक्षा कमी. येशू त्याच्याबरोबर जात नाही. आजारी मुलीसाठी विनवणाऱ्या याईराच्या घरी तो गेला, याच्या घरी गेला नाही. का, ते लिहिलेले नाही. जा, तुझा मुलगा जिवंत आहे, इतकेच त्याने सांगितले. हातात ना औषध, ना स्पर्श केलेले वस्त्र, ना सोबत एखादा शिष्य. एक वाक्य.

तो माणूस त्या वाक्यावर निघाला.

वाटेत त्याचे गुलाम भेटले. मुलगा बरा आहे म्हणाले. त्याने वेळ विचारली. काल सातव्या ताशी ताप उतरला, म्हणजे आपल्या हिशेबाने दुपारी एकच्या सुमारास. येशूने ते वाक्य उच्चारले तीच वेळ. शुभवर्तमानाचा वाचक इथे आनंदतो आणि पुढे जातो. मी मात्र 'काल' पाशी थांबतो. दुपारी निघालेला माणूस गुलामांना दुसऱ्या दिवशी भेटला आहे. मधे एक रात्र गेली.

त्या रात्रीबद्दल योहान काही लिहीत नाही. कुठे मुक्काम केला, काही खाल्ले का, झोपला का. काही उपदेशक सांगतात की विश्वास ठेवल्यामुळे तो निवांत झोपला, घाई केली नाही. मला ते पटत नाही. बाप होता तो. रात्रीतून किती वेळा उठून बसला असेल. पहाटे कोणी वाटसरू उतरणीवरून वर येताना दिसला असेल तर त्याच्या चेहऱ्याकडे कसे पाहिले असेल. विश्वास ठेवला म्हणजे छातीतली धडधड थांबते असे कोणी सांगितले? धडधड चालू असते आणि पावले उतरणीला लागलेली असतात. पावले कोणत्या दिशेला आहेत एवढेच पाहायचे. तो मागे वळून कान्याला गेला नाही, पुन्हा एकदा खात्री करून द्या म्हणायला.

आणि त्या साऱ्या रात्रभर मुलगा बरा होता. घरी दिवा जळत असेल, पोराने पेज मागितली असेल, आई रडत हसत असेल. हे सगळे घडून गेले होते आणि बापाला ठाऊक नव्हते. आपल्या न कळण्यामुळे देवाचे काम अडत नाही. आपल्याला बातमी उशिरा पोचते, इतकेच. ख्रिस्ती माणसाचे बहुतेक आयुष्य त्या रात्रीत जाते. वचन दिले गेले आहे, गुलाम अजून भेटलेले नाहीत.

मग गिदोनाचे काय, असे कोणी विचारील, आणि विचारायलाच हवे. त्याने खळ्यात लोकर अंथरली. एका रात्री लोकर ओली आणि भुई कोरडी, दुसऱ्या रात्री भुई ओली आणि लोकर कोरडी. देवाने दोन्ही केले. अनेक भाविक या गोष्टीला निर्णय घेण्याची रीत मानतात: अमुक घडले तर हो, तमुक घडले तर नाही. पण शास्ते पुस्तक नीट वाचावे. गिदोनाला काय करायचे ते लोकरीच्या आधीच सांगून झाले होते. लोकर त्याच्या अज्ञानाची नव्हती, भीतीची होती. आणि दोन चिन्हे मिळूनही भीती गेली का? शत्रूच्या छावणीत रात्री जाऊन दुसऱ्याचे स्वप्न चोरून ऐकावे लागले, तेव्हा कुठे धीर आला. मधल्या काळात देवाने त्याच्या ३२ हजार माणसांतले ३०० ठेवले आणि बाकीच्यांना घरी पाठवले. चिन्ह दिले आणि आधार काढून घेतले. देव आपल्या दुबळेपणाला जागा देतो. तिथे घर बांधून राहू देत नाही.

याच्या उलट आहाज राजा. त्याला यशयाने सांगितले, चिन्ह माग, खोल अधोलोकातले माग की उंच आकाशातले माग. तो म्हणाला, मी मागणार नाही, मी परमेश्वराची परीक्षा पाहणार नाही. बोलणे अगदी निर्मळ. पण राजांच्या दुसऱ्या ग्रंथात दिसते ते असे, की त्याचा भरवसा अश्शूरच्या राजावर होता. मंदिरातले सोनेरुपे त्याने त्याच्याकडे नजराणा म्हणून धाडले. चिन्ह मिळाले असते तर तो बेत सोडावा लागला असता. म्हणून न मागणे हाही विश्वासाचा पुरावा होत नाही. देवाने काही सांगू नये म्हणून गप्प राहणारे भाविक आहेत, आणि त्यांची भाषा फार शुद्ध असते.

आणि चिन्ह डोळ्यांसमोर घडले तर? येशूने हाक मारली तेव्हा लाजराला कबरेत चार दिवस झाले होते. तो सर्वांसमक्ष बाहेर आला. पाहणाऱ्यांपैकी काहींनी विश्वास ठेवला, काही उठून परूश्यांकडे चहाडी करायला गेले. पुढे मुख्य याजकांनी लाजरालाही मारायचा बेत केला. पुरावा फार बोलका झाला की पुराव्यालाच पुरायचे ठरते.

आपल्याकडचीच एक गोष्ट. २०१२ च्या मार्चमध्ये मुंबईत विलेपार्ल्याच्या इर्ला भागात, वेलांकणी मातेच्या चर्चपाशी एका क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. लोक लोटले, पाणी भरून घरी नेऊ लागले. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडमरुकू यांनी पाहणी करून सांगितले की जवळच्या तुंबलेल्या सांडपाण्याचा ओलावा भिंतीतून केशाकर्षणाने वर चढून तिथे झिरपतो आहे. काही कॅथलिक मंडळींनी त्यांच्यावर धर्मभावना दुखावल्याच्या तक्रारी केल्या, आणि त्याच वर्षी ते देश सोडून फिनलंडला गेले. त्या तक्रारी करायला नको होत्या. पाणी कुठून आले हे सांगणाऱ्याने ख्रिस्ताचे काही हिरावून घेतले नव्हते. पाण्यामुळे ख्रिस्त आमच्या घरी आला नव्हता आणि पाणी आटल्यावर जाणारही नव्हता. आमचा राग मात्र सांगून गेला की आम्ही कशाला धरून उभे होतो. तहानलेली माणसे होती ती, त्यांना मी दोष देत नाही. त्यांना पाण्याऐवजी वचन देणे हे ज्यांचे काम होते त्यांनी ते वेळेवर केले नाही.

इथेच एक रेघ ओढून ठेवतो. मागणे निराळे आणि परीक्षा घेणे निराळे. वांद्र्याला मोत माउलीच्या जत्रेत सप्टेंबरमध्ये मेणाचे हात, पाय, बाळे, घरे विकायला असतात. गुडघा दुखणारी म्हातारी मेणाचा पाय वाहते, भाड्याच्या खोलीत राहणारे जोडपे मेणाचे घर वाहते. शिकलेल्या ख्रिस्ती लोकांना याची लाज वाटते. मला वाटत नाही. तो पाय म्हणजे देवाला घातलेली अट नाही, देहाने केलेली प्रार्थना आहे. रोजची भाकर मागायला येशूनेच शिकवले. गेथशेमाने बागेत त्याने स्वतःच्या जिवासाठी मागितले, आणि एकदा नाही. मागायला जो लाजतो तो देवाला बाप मानत नाही.

रेघ कुठे येते ते माहीमला कळते. तिथल्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी सदा साहाय्य मातेची नोव्हेना होते. ख्रिस्ती येतात, हिंदू, मुसलमान, पारशी सगळे येतात. बुधवारी त्या रस्त्याला जत्रेचे रूप येते. ओळीने नऊ बुधवार करायचे. नोकरी, मूल, व्हिसा, कोर्टातला खटला, कॅन्सर. विनंतीच्या चिठ्ठ्यांत सगळे असते. मिळाल्यावर आभाराची चिठ्ठी टाकायला येणारे असतात, आणि ते सुंदरच आहे. पण मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो ज्याचे नऊ बुधवार संपले, हवे ते मिळाले नाही, आणि जो दहाव्या बुधवारी पुन्हा रांगेत उभा आहे. त्याच्या दहाव्या बुधवारात काही व्यवहार उरलेला नाही. त्याला आता देव हवा आहे. किंवा त्याहून साधे असेल, जायला दुसरी जागा नसेल. पेत्रही एकदा असेच म्हणाला होता, जायचे कोणाकडे, म्हणून. येशूने त्याला त्याबद्दल रागावले नाही.

नबुखद्नेस्सराच्या भट्टीसमोर उभे केलेले ते तीन तरुण याच रांगेतले. आमचा देव सोडवू शकतो, आणि त्याने सोडवले नाही तरीही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. उत्तरार्ध बोलून झाल्यावर त्यांना भट्टीत टाकले. भट्टीतला चौथा मनुष्य त्यानंतर दिसला, आणि तोही आधी राजाला दिसला.

मदर तेरेसांबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. १९४६ च्या सप्टेंबरमध्ये दार्जिलिंगच्या आगगाडीत त्यांना गरिबांतल्या गरिबांकडे जाण्याची हाक आली. १९४८ मध्ये त्या कॉन्व्हेंट सोडून कोलकात्याच्या वस्त्यांत उतरल्या. १९५० मध्ये त्यांच्या संस्थेला मान्यता मिळाली. आणि साधारण त्याच काळात आतला दिवा विझला. प्रार्थनेत ओलावा नाही, देवाच्या असण्याची जाणीव नाही, स्वर्गाचा विचार पोकळ. ज्याच्या हाकेवर घर सोडले त्याने बोलणे थांबवले. हे त्यांनी आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहिले. ती पत्रे जाळून टाकावीत अशी त्यांची इच्छा होती. ती राहिली आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झाली.

या पत्रांत एक गोष्ट आहे जी उपदेशांत सहसा सांगितली जात नाही. मदर तेरेसांनीही एकदा पुरावा मागितला होता. १९५८ साली बारावे पायस पोप वारले, त्यांच्यासाठीच्या मिस्सेत त्यांनी प्रार्थना केली की ही संस्था देवाला आवडते याची काही खूण मिळावी. तिथल्या तिथे दहा वर्षांचा अंधार गेला. काही आठवडे त्यांना तो जुना आनंद परत मिळाला. मग अंधार पुन्हा उतरला, तो १९९७ मध्ये मरेपर्यंत राहिला.

मागणे ऐकले गेले, खूण मिळाली, आणि तिच्यावर जगता येणार नाही इतकी ती थोडकी होती. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे त्यांना पुन्हा वचनावरच चालावे लागले. त्या चालल्या. पहाटे उठल्या, मिस्सेला गेल्या, गटाराकाठी पडलेल्याचे अंग पुसले. मुंबईत भायखळ्याला त्यांच्या भगिनींचे आशा दान आहे; तिथल्या खाटांवर पडलेल्यांना मदरच्या अंधाराची झळ लागली नाही, हात तेवढे लागले. पत्रे छापून आली तेव्हा काहींना त्या ढोंगी वाटल्या, काहींना नास्तिक. श्रद्धा म्हणजे आत वाटणारी ऊब असे ज्यांनी धरले होते त्यांना दुसरे काही दिसणे शक्य नव्हते. मला तर त्या पत्रांनंतर त्यांच्या संतपणाची खात्री पटली. चर्चने २००३ मध्ये त्यांना धन्यवादित आणि २०१६ मध्ये संत घोषित केले, त्या दोन्ही वेळी रीतीप्रमाणे एकेक चमत्कार तपासून मान्य केला. त्या रीतीबद्दल मला आदर आहे. पण माझ्यापुरते सांगायचे तर, त्या दोन रोग्यांच्या बरे होण्यापेक्षा ती अंधारातली चाळीस वर्षे मला मोठी वाटतात.

क्रूसाचा संत योहान हे आधीच सांगून गेला होता. १५७७ च्या डिसेंबरात त्याच्याच संघातल्या लोकांनी त्याला टोलेडोच्या मठात एका अरुंद कोठडीत कोंडले. पुढच्या ऑगस्टमध्ये तो निसटला. त्याचे म्हणणे असे, की देवाने आपल्या पुत्रात जे बोलायचे ते सगळे बोलून टाकले आहे. आता आणखी दर्शने, आणखी साक्षात्कार मागणे म्हणजे जे दिले ते अपुरे आहे असे देवाच्या तोंडावर म्हणणे. ज्याने हे लिहिले त्याला दर्शनांची ओळख नव्हती असे नाही. त्याने त्यांच्यावर मुक्काम केला नाही.

पंडिता रमाबाईंच्या लहानपणी त्यांच्या घरात धन होते, ते व्रतांत, अनुष्ठानांत, दानांत गेले. देवता प्रसन्न होतील, मार्ग दाखवतील म्हणून अनंतशास्त्री डोंगऱ्यांचे कुटुंब वाट पाहत राहिले. दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. ही केवळ एका धर्माची चूक म्हणून सांगण्यात अर्थ नाही. खूण मिळेपर्यंत बसून राहणारी माणसे आमच्या चर्चमध्येही पुष्कळ आहेत. महत्त्वाचे ते पुढे आहे. त्याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, आणि केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला. प्रार्थना करून त्या उठत असत.

त्यांची कसोटी उतारवयात लागली. त्यांच्यामागे मुक्तीचे काम जिने चालवायचे ती एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ च्या जुलैमध्ये वारली. चाळिशीची. इतकी प्रार्थनाशील आई, शेकडो पोरक्या मुलींना आसरा देणारी. देवाने तिची लेक राखायला काय हरकत होती? खुलासा आला नाही. रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराला पुन्हा बसल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत. ते काम उरकत आणले आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये, मुलीमागोमाग नऊ महिन्यांच्या आत, त्याही गेल्या.

थोमाला आपण फार सोपा करून टाकला आहे. त्याने अट घातली होती, खिळ्यांच्या वणांत बोट घातल्याशिवाय नाही. आठ दिवसांनी येशू आला आणि त्याच्या अटीचे शब्द त्यालाच परत दिले, घाल बोट. थोमाने बोट घातले असे योहान लिहीत नाही. माझा प्रभू, माझा देव म्हणून तो मोकळा झाला. अट पुरी व्हायच्या क्षणी अटीची गरज संपली. ज्यांना न पाहता विश्वास ठेवावा लागेल त्यांना येशूने तिथेच धन्य म्हटले. परंपरा सांगते की हाच थोमा पुढे भारतात आला, केरळात फिरला आणि मैलापूरला, आजच्या चेन्नईत, मारला गेला. ज्याने पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हटले, तो अशा लोकांमध्ये आला ज्यांनी काहीच पाहिलेले नव्हते, आणि ज्यांना तो काही दाखवूही शकत नव्हता. त्याच्याजवळ फक्त सांगणे होते. त्या सांगण्यावर माणसे उभी राहिली आणि आजवर उभी आहेत.

आता त्या अंमलदाराच्या मुलाबद्दल एक राहिलेले. तो वाचला. त्याच आठवड्यात कफर्णहूममध्ये दुसऱ्या कोणाची मुले तापाने गेली असतील, आणि त्यांच्या बापांनीही हात जोडले असतील. त्यांच्याबद्दल काही लिहिलेले नाही. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली आणि काटा राहिला. त्याचा विश्वास उणा होता असे कोणी म्हणणार नाही. आपल्या प्रार्थनासभांत मात्र हे सर्रास म्हटले जाते. रोगी बरा झाला तर साक्ष द्यायला त्याला पुढे बोलावतात. नाही झाला तर, विश्वास कमी पडला, असे त्याच्या बायकोला बाजूला घेऊन सांगतात. कुठे कुठे तर औषध थांबवणे हीच विश्वासाची खूण म्हणून मागतात. ही देवाची परीक्षा आहे, आणि तिची किंमत दुसऱ्याचा जीव आहे. हे थांबले पाहिजे.

तुमच्या शेजारच्या घरात आज ती रात्र असेल तर तिकडे जा. जेवणाचा डबा न्या, औषधाच्या वेळा सांभाळा, दवाखान्यात एक रात्र त्यांच्या जागी बसा. त्यांना प्रार्थना करता येत नसेल तर त्यांच्या वतीने तुम्ही करा, आणि बरे होणेच मागा, धीटपणे मागा. काय होईल ते तुम्हाला ठाऊक नाही, तेव्हा ठाऊक असल्यासारखे बोलू नका. आणि मूल गेले तर त्या आईला तिचा विश्वास कमी पडला असे सांगू नका. तुमच्यादेखत दुसरे कोणी सांगत असेल तर त्याला तिथेच थांबवा.